दुसरं मीटर कोणतं, रतन?

रतन, तू जाऊन आज बावीस दिवस झाले, आणि मी तुझ्या गाडीत बसून एका भोकाकडे बघते आहे.

आईच्या बाकाच्या डोक्याशी तू जो पत्र्याचा बोर्ड ठोकलास, त्यावर डावीकडे व्होल्टमीटर आहे. काचेच्या आत तू स्वतः कापून चिकटवलेली कागदी पट्टी, हिरवी, मग पिवळी, मग लाल. उजव्या बाजूला तेवढंच दुसरं गोल भोक आहे. कडा कानशीनं घासलेल्या, बोट फिरवलं तर कुठे टोचत नाही. आत काही नाही. मी ही गाडी शेवटची पाहिली तेव्हा ते भोक नव्हतं. म्हणजे आपण बोलत नव्हतो त्या दीड महिन्यात तू ते पाडलंस. त्यात कोणतं मीटर बसवायचं होतं ते मला माहीत नाही. मी विचारत फिरले, आणि जितक्यांना विचारलं तितकी वेगवेगळी उत्तरं घेऊन परत आले.

पुण्यानुमोदनाला क्वार्टरसमोरच्या मांडवात तुझ्याबद्दल पुष्कळ जण बोलले. तू कोणाच्या अडीनडीला धावलास, वस्तीतल्या विहाराची वायरिंग कशी सुट्टीच्या दिवशी करून दिलीस, सगळं खरंच होतं. मग कोणी म्हणालं, "अक्का, तुम्ही थोरल्या, तुम्ही दोन शब्द बोला." मी उठले, माइक हातात घेतला आणि परत दिला. माझ्याजवळ तुझ्याशी बोललेले शेवटचे शब्द तेवढे होते, आणि ते भांडणातले होते.

तुझ्या मेव्हण्यानं, सुमनच्या जामनेरहून आलेल्या भावानं, जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, एक विचारू का? फिटर माणसाला अ‍ॅम्ब्युलन्स कशाला लागते?" त्याला काय ठाऊक की आईनं कुणाच्या घरच्या कॅलेंडरवर सांचीचा स्तूप पाहिला आणि आबा गेल्यापासून ती त्याच्या मागे लागली होती. "ते गोल शे ना, ते माले एकदाव दखनं शे." दुसरं काही तिनं आयुष्यात मागितलं नाही. लुगडंसुद्धा आपणच जाऊन आणायचो.

आणि तिचा दमा. औषधाची वाफ करून मास्कमधून देणारं ते नेब्युलायझरचं मशीन मी धुळ्याहून, मी नर्स आहे त्या वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून, मागवून दिलं तेव्हापासून तिची रात्र बरी जायला लागली. पण मग ती त्या मशीनला आणि मशीन भिंतीला बांधलं गेलं. आपण तिला रेल्वेनं न्यायला निघालो होतो ते आठवतं? बुऱ्हाणपूरच्या आधीच तिचा श्वास चढला. मी तिची पाठ चोळत बसले आणि तू डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत प्लग शोधत फिरलास. कुठे नव्हता. बुऱ्हाणपूरला उतरलो, वेटिंग रूममध्ये मशीन लावलं आणि पुढच्या गाडीनं परत भुसावळला आलो. परतीत तू एकच वाक्य बोललास. "अक्का, डब्याच्या पोटाखाली वाकून रोज बॅटऱ्यांत पाणी मीच घालतो. अख्ख्या गाडीचे दिवे अन् पंखे माझ्या हातचे. अन् माझ्या आईला एक प्लग नाही."

त्यानंतर चार महिन्यांनी तू कुठल्याशा दवाखान्याच्या लिलावातली जुनी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन दारात उभा राहिलास. आई ओट्यावरून उठलीच नाही.

"मी मरी गयी का रे? माले त्या गाडीम्हा नको बसाडू."

मग तू ती निळी रंगवलीस. वरचा दिवा काढून तिथं पाण्याची टाकी बसवलीस. एका बाजूला बाक, एका बाजूला स्टोव्हचा ओटा, खिडकीला सुमननं शिवलेले पडदे. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी आणि पंखा, दिवा, आईचं मशीन यांच्यासाठी बाकाखाली वेगळी. तिला तू घरची बॅटरी म्हणायचास. मशीनला घरासारखी वीज लागते म्हणून रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून इन्व्हर्टर बनवून घेतलास. दाराजवळ एक खटका लावलास. इंजिन चालू असताना तो वर केला की घरची बॅटरी भरायला लागते, आणि वेळ पडली तर इंजिनवरच मशीन चालतं. हे सगळं मला आता इतकं सोपं लिहिता येतं आहे. तेव्हा यातलं अर्धं मी ऐकलं नव्हतं.

आपलं भांडण खरं तर जळगावला मीटर घ्यायला गेलो त्या दुकानातच सुरू झालं. शेठनी काउंटरवर दोन मीटरं ठेवली. दोन्ही गोल, दोन्ही काळी, दोन्हींत एक काटा. मला त्यात काही फरक दिसेना.

तू म्हणालास, "हे व्होल्टचं. बॅटरीत जोर किती ते सांगतं. हे अ‍ॅमीटर. बॅटरीतून बाहेर किती चाललंय अन् आत किती येतंय ते सांगतं."

"आणि उरलंय किती, ते कोणतं सांगतं?"

"ते कोणतंच सांगत नाही."

"मग घ्यायची कशाला दोन्ही?"

शेठ हसले. तू हसला नाहीस. माझा प्रश्न तुला वेडेपणाचा वाटला असं मला वाटलं, म्हणून मी पुन्हा विचारला, जरा चढ्या आवाजात. "रतन, सलाईनची बाटली मला दिसते. अर्धी झाली, पाव उरली, दुसरी लावा. असं डोळ्यांना दिसणारं काही दे."

"तसं नसतं, अक्का. बॅटरीत डोकावता येत नाही. अ‍ॅसिडमध्ये काचेची नळी बुडवून बघता येतं, पण ते तू आईच्या उशाशी करणार का? बाकी मग डोक्यात हिशेब ठेवायचा. मशीन दहा मिनिटं चाललं, एवढं गेलं. पंखा दोन तास चालला, एवढं गेलं. गाडी साक्रीपर्यंत पळाली, एवढं परत आलं."

"मी आईचा श्वास मोजू की तुझा पंखा?"

इथपर्यंत मला पक्कं आठवतं. पुढचं मात्र दोन प्रकारे आठवतं, आणि दोन्ही खरं वाटतं. एका आठवणीत तू सुस्कारा टाकून व्होल्टमीटर उचलतोस आणि म्हणतोस, "बरं, हे घेऊ. रंग लावून देतो. हिरवं असलं की खुशाल चालव." दुसऱ्या आठवणीत तू अ‍ॅमीटर माझ्यासमोर सरकवतोस, ते मी मागे सरकवते आणि स्वतः व्होल्टमीटर उचलून शेठना म्हणते, "हेच बांधा." परवा शेठना विचारलं. ते म्हणाले, "ताई, दिवसात पन्नास गिऱ्हाइकं येतात. कोणी उचललं ते कसं आठवणार?" रतन, हे एवढं एक कळलं असतं तरी मला पुरे होतं. निवड तुझी होती की माझी?

मग पिंपळनेरची फेरी. सांचीच्या आधी एकदा आईला तिच्या माहेराकडे नेऊन आणू, गाडीही तपासून होईल, असं तूच म्हणालास. सुमन शिकवते त्या शाळेत परीक्षा होत्या, ती आली नाही. आपण तिघंच. साक्रीपर्यंत आई खिडकीला नाक लावून बसली होती आणि प्रत्येक गावाचं नाव आपल्याला सांगत होती, जणू आपण परमुलखातून आलो होतो. पिंपळनेरच्या अलीकडे, एका आंब्याखाली तू गाडी थांबवलीस. दुपारचा एक वाजला होता. भाकरी, ठेचा आणि सुमननं दिलेली कळण्याच्या पिठाची पुरी खाल्ली. आईला पंखा लावला. ती पडली. काटा हिरव्यात होता, पार टोकाला. मी तुला दाखवलासुद्धा. तू मान हलवलीस आणि कॅन घेऊन समोरच्या शेतातल्या विहिरीवर पाणी आणायला गेलास. तू मान कशी हलवलीस, हो म्हणून की नुसतीच, ते मी तेव्हापासून आठवून बघते आहे.

अर्ध्या तासानं म्हण, कमी म्हण, आई खोकत उठली. वाऱ्यानं धूळ आली होती. श्वासाची शिट्टी मला दारातूनच ऐकू आली. मी काट्याकडे पाहिलं. हिरवा. औषध घातलं, मास्क लावला, मशीनचं बटण दाबलं. मशीन सुरू झालं. दोन मिनिटं छान चाललं. मग त्याचा आवाज खाली उतरायला लागला, एखाद्या माणसाचा बोलता बोलता उतरतो तसा. इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं बंद. पंखाही.

मी वीस वर्षं वॉर्डात काढलीत, रतन. माझ्यासमोर माणसं निळी पडलेली आहेत आणि मी बिनचूक सुया दिल्यात. त्या दिवशी मला इंजेक्शनची कुपी फोडता येईना. आई माझा दंड धरून बसलेली, डोळे मोठे झालेले. मी इंजेक्शन दिलं आणि दारात येऊन तुझ्या नावानं ओरडले. इंजिन सुरू केलं की चालतं हे तू मला सांगितलं होतंस, हे तेव्हा आठवलं नाही. आठवलं असतं तरी किल्ली तुझ्या खिशात होती. तू कॅन टाकून ढेकळांतून धावत आलास. इंजिन सुरू केलंस, खटका वर केलास, मशीन पुन्हा चालू झालं. तुझ्या पायातली एक चप्पल शेतातच राहिली होती. आईच्या ओठांना रंग आला. ती कशानं वाचली, माझ्या सुईनं की तुझ्या इंजिननं, तेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई बोलायला लागल्यावर पहिलं काय म्हणाली? "पानी सांडनं ना रे." तुझ्या कॅनमधलं.

परतताना मला धुळ्याला घराशी सोडलंस तेव्हा तू म्हणालास, "अक्का, काटा खोटा नव्हता. आपण त्याला चुकीच्या वेळी विचारलं." आणि मी म्हणाले, "तुझ्या काट्याच्या भरवशावर मी आज आई घालवून बसले असते. तुझी गाडी अन् तुझं मीटर तुलाच लखलाभ." एवढंच. शब्द मोजले तर थोडेच आहेत. तू गाडीचं दार हळू लावून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.

त्यानंतर तू मला एकदाच फोन केलास. वॉर्डातल्या फोनवर, सकाळी, मोठ्या डॉक्टरांचा राऊंड चालू असताना. मागून एसटीडी बूथवरचा गलका येत होता. "अक्का, एक विचारायचं होतं." मी म्हणाले, "आता नाही, राऊंड आहे. रविवारी कर." तू बरं म्हणालास. रविवारच्या आधी शुक्रवार आला आणि तुझ्या छातीत दुखलं. मी भुसावळला पोचले तेव्हा विचारायला तू नव्हतास.

म्हणून मी बाकीच्यांना विचारत सुटले. शेठ म्हणाले, "रतनभाऊ तीनदा येऊन गेले. आधी अ‍ॅमीटर बाजूला ठेवायला सांगितलं. मग म्हणाले, थांबा. मग विचारलं, गेलेलं अन् आलेलं दोन्ही मोजून शिल्लक किती ते एका आकड्यात दाखवणारं मीटर मिळतं का. मी म्हटलं, तसं मीटर मी तर जन्मात पाहिलं नाही, मुंबईला विचारून बघतो. मग ते आलेच नाहीत." मी त्यांना भोकाचं माप दाखवलं. म्हटलं, निदान मापावरून सांगा. "सगळी एकाच मापाची येतात, ताई."

कोळीभाऊंनी, तुझ्याबरोबर रोज डब्यांखाली वाकणाऱ्या तुझ्या जोडीदारानं, अगदी उलट सांगितलं. "रतन म्हणायचा, मीटरनं पोट भरत नाही. जुनी बॅटरी काढून नवी टाकायची, बस." खरंच, बाकाखाली नवी कोरी बॅटरी आहे. ती तू कधी आणलीस ते मलाच कोणी सांगितलं नव्हतं. आणि सुमन म्हणाली, "अक्का, ते तर गाडी विकायचं बोलत होते. फैजपूरचा एक केळीवाला बघूनही गेला." मग डोळे पुसून म्हणाली, "पण त्याला म्हणाले, आईला एकदा सांचीला नेऊन आणतो, मग बघू." आता यातलं मी काय धरू? ज्याला गाडी विकायची आहे तो बोर्डाला नवं भोक पाडतो का? आणि ज्याला मीटरवर विश्वास नाही तो त्यासाठी जळगावला तीन खेपा घालतो का?

तुझी वही सुमननंच काढून दिली. त्यात पिंपळनेरहून आल्यावरच्या दुसऱ्याच दिवसाची नोंद आहे. जुन्या बॅटरीला तू गाडीचा हेडलाइट जोडून ठेवलास आणि तासातासाला व्होल्ट लिहिलेस. दिवा दिवसभर जळायला हवा होता, असं तू वर लिहिलंयस. तो तिसऱ्या तासालाच लाल पडला. म्हणजे बॅटरी आतून संपलेली होती. इंजिन बंद केल्या केल्या काटा फुगून टोकाला दिसत होता आणि पोटात काही नव्हतं. हे कळल्यावर तू मला दोन ओळी लिहू शकला असतास. पोस्टकार्डावर मावलं असतं. की मी उत्तर देणार नाही असं तुला वाटलं? मी दिलं असतं का? मला माहीत नाही.

आणि वहीत शेवटच्या पानावर, त्या फोनच्या दिवसाची तारीख टाकून, तीन शब्द. "मीटर – अक्काला विचारणे."

काय विचारणार होतास, रतन? कोणतं बसवू, हे? मला तरी त्यातलं काय कळत होतं? की मी परत गाडीत बसेन का, हे? की दुकानात मीटर कोणी उचललं, हे? मी ते पान सुमनला दाखवलं, कोळीभाऊंना दाखवलं. आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मंग त्यानी तुले इचारनं का नही?" मी तिला राऊंडचं सांगितलं नाही.

इथवर लिहून मी माझी ही वही मिटून ठेवली होती. पुढचं आज लिहिते आहे, दोन आठवड्यांनी.

सगळे म्हणत होते गाडी काढून टाका. मीही तेच म्हणाले असते. पण आईनं पिशवी भरून दाराशी ठेवली. दोन लुगडी, पांढरं पातळ, पंचशीलाचं पुस्तक जे तिला वाचता येत नाही, आणि डबा. मी म्हटलं, "आई, रतन नाही आता." ती म्हणाली, "तो नही, गाडी तं शे ना. तुन्हा पाय काय मोडना का?" कोळीभाऊ तिथंच उभे होते. त्यांनी त्याच दिवशी रजेचा अर्ज लिहिला. गाडी ते चालवणार. बोर्डाचं मात्र तुम्ही बघायचं, म्हणाले.

"मला नाही जमणार, भाऊ. मी एकदा हिरव्यावर विश्वास ठेवून बघितलाय."

"एक दिवस द्या मला, अक्का. सकाळी या, संध्याकाळी जा."

त्या एका दिवसात त्यांनी मला आईच्या बाकावर बसवून ठेवलं. सकाळी काही न लावता काटा बघायला लावला. मग पंखा लावून. मग पंखा आणि मशीन दोन्ही लावून. मी सवयीनं पर्समधला वॉर्डातला तापाचा तक्ता काढला आणि त्यावरच तासातासाला लिहीत गेले. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं. काही चालू नसताना काटा काय सांगतो त्याला अर्थ नाही. मशीन चालू असताना तो किती खाली येतो आणि तिथं टिकतो का, ते बघायचं. दम्याच्या पेशंटची नाडी आम्ही तो निजलेला असताना एकदा घेतो आणि चालवून आणल्यावर पुन्हा घेतो, तसंच. एवढं साधं. मी कोळीभाऊंना म्हटलं, "हे रतननं मला आधी का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "सांगितलं असंल, अक्का. तो सगळ्यांना सांगायचा." मी खूप आठवून पाहिलं. दुकानाबाहेर, मीटर पिशवीत घालताना, तू काहीतरी म्हणाला होतास. "चालू असताना बघत जा," असंच म्हणाला होतास का? की ते मी आता तुझ्या तोंडी घालते आहे?

त्या भोकात मी अ‍ॅमीटर बसवलं. मधोमध शून्य असलेलं. काटा डावीकडे गेला की जातंय, उजवीकडे गेला की येतंय. तुला तेच हवं होतं म्हणून नाही. तुला काय हवं होतं ते मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही, हे मी अजून नीट मान्यही केलेलं नाही. मला ते घ्यावंसं वाटलं म्हणून घेतलं. एका काट्यावर मी पुन्हा आई सोपवणार नव्हते. शेठना म्हटलं, "हे मी उचलतेय हं. नीट लक्षात ठेवा." कोळीभाऊंनी वायरी जोडल्या आणि नट आवळायला पाना माझ्या हातात दिला. फार आवळू नका, काच तडकेल, म्हणाले. मी जरा जास्तच आवळला. तडकली नाही. इंजिनची एक किल्ली मी माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि कोळीभाऊंकडून गाडी सुरू करायला शिकून घेतली. सुरू करायला फक्त. चालवायला नाही.

परवा पहाटे निघालो. सुमन दाराशी उभी होती. ये म्हटलं तर आली नाही. रावेर, बुऱ्हाणपूर, खंडवा. बुऱ्हाणपूरचं स्टेशन रस्त्यापासून दूर राहिलं, मला ते बघावं लागलं नाही. आईचं मशीन वाटेत पाच वेळा चाललं. पाचही वेळा मी दोन्ही काट्यांवर डोळा ठेवून बसले आणि तक्त्यावर लिहिलं. चौथ्या वेळी व्होल्टचा काटा पिवळ्याकडे सरकायला लागला. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. कोळीभाऊ धाब्यावर चहा घेत होते. त्यांना हाक न मारता मी पुढे गेले, इंजिन सुरू केलं आणि खटका वर केला. अ‍ॅमीटरचा काटा शून्य ओलांडून उजवीकडे गेला. मी तो बराच वेळ बघत बसले. आईनं मास्कच्या आतून विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, "काही नाही, येतंय."

सांचीला काल सकाळी पोचलो. गाडी वरपर्यंत गेली. शेवटच्या चढावर आईला धाप लागली म्हणून बाजूला लावून आधी मशीन दिलं, दहा मिनिटं पूर्ण. मग ती माझ्या आणि कोळीभाऊंच्या मधून, दोघांचे खांदे धरून, चालत गेली. स्तूपासमोर उभी राहिली. हात जोडले. मला वाटलं ती रडेल. रडली नाही. कडेकडेनं दगडाला हात लावत अर्धी फेरी मारली, थकली, कठड्यापाशी बसली. मी तिच्याजवळ बसले. ऊन कोवळं होतं आणि शाळेची सहल आल्यामुळे गलका चालला होता. तुझं नाव घ्यावं की नाही ते मला कळत नव्हतं. तिनंच घेतलं.

"रतनले सांग," आई म्हणाली. "मशीन चालनं म्हनावं."

मी तिच्याकडे पाहिलं. लोक तुला शेवटचं न्यायला आले होते तेव्हा ती तुझ्या पायाशी बसलेली होती. मांडवात पहिल्या रांगेत होती. तिला सगळं ठाऊक आहे. की चढावर थकल्यामुळे क्षणभर विसरली? की तिला ठाऊक असूनही सांगायचंच होतं? तिच्या तोंडावरून मला काही कळलं नाही. ती स्तूपाकडेच बघत होती, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"सांगते," मी म्हणाले.

मशीन चाललं, रतन.